उपासमारीला सरावलेला कर्करोग

पुरुष संप्रेरकाचा पुरवठा तोडला की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग ओसरतो, हे आठ दशकांपूर्वीच सिद्ध झाले. मात्र काही काळाने हाच रोग त्या दुष्काळातही जगायला शिकतो. तो हे कसे साधतो, या प्रश्नाच्या शोधातूनच आजची नवी औषधे जन्माला आली आहेत.

सत्तरीतल्या गृहस्थांची कंबर दुखू लागते. वयाचा परिणाम म्हणून काही महिने तिकडे दुर्लक्ष होते. अखेर तपासण्या होतात आणि प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांपर्यंत पोचल्याचे निदान होते. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू होते आणि पाहता पाहता चित्र पालटते. रक्तातील ‘पीएसए’ या प्रथिनाचे शेकड्यांत असलेले प्रमाण एकच्याही खाली येते, हाडांच्या वेदना शमतात, आजोबा पुन्हा सकाळच्या फेरफटक्याला जाऊ लागतात. घरातली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. मग दीड-दोन वर्षांनी एका अहवालात तो आकडा किंचित वर सरकलेला दिसतो आणि पुढच्या अहवालात आणखी वर. ‘एकही इंजेक्शन चुकवले नाही, मग असे का झाले?’ हा प्रश्न जगभरातील लाखो कुटुंबांनी आपल्या डॉक्टरांना विचारलेला आहे. त्याचे उत्तर औषधाच्या दर्जात नाही, रुग्णाच्या पथ्यपाण्यातही नाही. ते कर्कपेशींच्या जगण्याच्या धडपडीत आहे.

शिकागोतील शोध

प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचे पोषण आणि वाढ वृषणांवर अवलंबून असते, ही गोष्ट अठराव्या शतकात जॉन हंटर या शल्यविशारदाने प्राण्यांच्या निरीक्षणातून नोंदवली होती. वृषण काढलेल्या प्राण्यांत ही ग्रंथी आक्रसून जाते, असे त्याला आढळले. तथापि या निरीक्षणाचा कर्करोगाशी संबंध जोडला गेला तो १९४१ मध्ये. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी रोग शरीरभर पसरलेल्या रुग्णांचे वृषण शस्त्रक्रियेने काढले किंवा त्यांना इस्ट्रोजेन हे स्त्री संप्रेरक दिले. त्यानंतर रोगाची निदर्शक असलेली ॲसिड फॉस्फटेजची रक्तातील पातळी खाली आली. उलट, पुरुष संप्रेरक टोचल्यावर ती वाढली. कर्करोगाची पेशी बेबंद असते, तिला शरीराचे कोणतेच नियम लागू पडत नाहीत, या तत्कालीन समजाला हा मोठाच धक्का होता. निदान एक तरी कर्करोग असा होता, की ज्याची दोरी शरीरातील एका रसायनाच्या हाती होती. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील टप्पा औषधाने हाच परिणाम साधण्याचा होता. वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो आणि पिट्युटरीला तो मेंदूतील एका छोट्या संप्रेरकाकडून. या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. शॅली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिलमां हे १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. निसर्गतः हे संप्रेरक थेंबाथेंबाने, ठरावीक अंतराने स्रवते. त्याच्यासारखेच कृत्रिम द्रव्य सतत देत राहिले, तर पिट्युटरी आधी उत्तेजित होते आणि नंतर जणू बहिरी होऊन बसते. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही इंजेक्शने याच तत्त्वावर चालतात. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन काहीसे वाढते. मणक्यांत रोग असलेल्या रुग्णाला या काळात मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो, म्हणूनच पहिले काही आठवडे सोबत बायकॅल्युटामाइडसारखी गोळी दिली जाते. त्यानंतर आलेले डेगारेलिक्स हे इंजेक्शन आणि रेलुगोलिक्स ही गोळी पिट्युटरीला थेट रोखतात, त्यामुळे हा आरंभीचा भडका टळतो.

कुलूप आणि किल्ली

संप्रेरक घटल्यावर पेशीत नेमके काय घडते, हे समजून घेण्यासाठी कुलूप-किल्लीची उपमा उपयोगी पडते. टेस्टोस्टेरॉन ही किल्ली. प्रोस्टेटच्या पेशीत शिरल्यावर एक विकर तिला घासूनपुसून अधिक प्रभावी बनवते आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते. पेशीतील ‘अँड्रोजेन रिसेप्टर’ हे प्रथिन म्हणजे कुलूप. किल्ली बसताच हे प्रथिन पेशीकेंद्रात जाते, डीएनएच्या विशिष्ट जागांना चिकटते आणि वाढीची, विभाजनाची, तग धरून राहण्याची जनुके चालू करते. पीएसए बनवणारे जनुकही त्यांतच मोडते. म्हणूनच पीएसएची पातळी ही केवळ रोगाच्या व्याप्तीची खूण नसते. हे कुलूप उघडे आहे की बंद, याचीही ती साक्ष असते.

निरोगी प्रौढ पुरुषाच्या रक्तात प्रति डेसिलिटर साधारण ३०० ते १,००० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते. उपचाराने ते ५० नॅनोग्रॅमच्याही खाली आणले जाते. किल्ल्यांचा असा दुष्काळ पडला, की बऱ्याच कर्कपेशी मरतात, उरलेल्यांतील पुष्कळशा वाढ थांबवून निद्रिस्त होतात. बहुसंख्य रुग्णांना या उपचाराचा गुण येतो आणि तो किती आला याला महत्त्व असते. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या २००६ मधील विश्लेषणात, सात महिन्यांच्या उपचारानंतर पीएसए ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून खाली गेलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ७५ महिने होते. ज्यांचा पीएसए ४ च्या वरच राहिला, त्यांचे मात्र अवघे १३ महिने. दोन्ही गटांना मिळालेला संप्रेरक उपचार एकच होता, पेशींचा स्वभाव मात्र निराळा होता.

निवड की जुळवून घेणे?

रोग उलटतो तेव्हा दोन शक्यता संभवतात. एक, मूळ गाठीतच काही पेशी आधीपासून संप्रेरकाविना जगू शकणाऱ्या होत्या आणि इतर पेशी मेल्यावर त्यांना रान मोकळे मिळाले. दुसरी, टिकून राहिलेल्या पेशींनी हळूहळू स्वतःत बदल घडवून नव्या परिस्थितीशी जुळवून घेतले. १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉन आयझॅक्स आणि डोनाल्ड कॉफी यांनी उंदरांतील प्रोस्टेटच्या गाठींवर हा प्रश्न तपासला आणि त्यांच्या प्रयोगात पहिल्या शक्यतेच्या, म्हणजे निवडीच्या बाजूने कौल मिळाला.

ही प्रक्रिया मराठी शेतकऱ्याला नवी नाही. बीटी कपाशीला दाद न देणाऱ्या गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्यात जो हाहाकार माजवला, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व होते. विष बहुतेक अळ्यांना मारते. ज्या थोड्या त्यातून वाचतात, त्यांचीच पुढची पिढी शेतभर पसरते. फरक इतकाच, की माणसाच्या शरीरातील ‘शेत’ हे कोट्यवधी पेशींचे असते आणि तिथे निवडीबरोबर जुळवून घेणेही चालू असते. त्यानंतरच्या संशोधनाने दाखवून दिले, की दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि एकाच रुग्णाच्या शरीरात त्या एकत्र नांदू शकतात.

रोगाच्या क्लृप्त्या

दीर्घकाळ अशी समजूत होती, की उलटलेला रोग ‘संप्रेरक-निरपेक्ष’ झालेला असतो, म्हणजे त्याला कुलूप-किल्लीची गरजच उरलेली नसते. पण या समजुतीत एक विसंगती होती. रोग उलटताना पीएसए वाढतो आणि पीएसए तर त्याच कुलपाच्या आज्ञेने बनतो. मग कुलूप निकामी झाले असे कसे म्हणावे? या विसंगतीचा पाठपुरावा केल्यावर जे हाती आले, ते थक्क करणारे होते.

पहिली क्लृप्ती म्हणजे कुलपांची संख्या वाढवणे. अँड्रोजेन रिसेप्टरचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे पुरुषाच्या पेशीत त्याची एकच प्रत असते. उलटलेल्या गाठींपैकी अनेकींत या जनुकाच्या कित्येक प्रती झालेल्या असल्याचे १९९५ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी दाखवले. कुलपे शेकड्याने वाढली, की उरल्यासुरल्या किल्ल्याही पुरतात. २००४ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने प्रयोगांती सिद्ध केले, की रिसेप्टरचे प्रमाण वाढणे एवढी एकच गोष्ट रोगाला उपचाराला दाद न देणारा बनवण्यास पुरेशी ठरते. इतकेच नव्हे, तर अशा पेशींत जुन्या पिढीतील रोधक औषधे उलट उत्तेजकासारखी वागू लागतात.

दुसरी क्लृप्ती कुलपाचा आकार बदलण्याची. रिसेप्टरच्या जनुकात एखादे उत्परिवर्तन झाले, की ते कुलूप भलत्याच किल्ल्यांनीही उघडते. कधी प्रोजेस्टेरॉनने, कधी स्टिरॉइडने, तर कधी खुद्द औषधानेच. १९९० च्या दशकात फ्लुटामाइड ही रोधक गोळी घेणाऱ्या काही रुग्णांचा आजार, ती गोळी *बंद* केल्यावर ओसरला, हे कोडे डॉक्टरांना पडले होते. त्याचे एक कारण हे होते, की बदललेल्या कुलपाला तीच गोळी किल्लीसारखी लागू पडत होती.

तिसरी क्लृप्ती आणखी धूर्त आहे. पेशी रिसेप्टरची अशी आवृत्ती बनवते, की जिला किल्लीचे छिद्रच नसते. ते कुलूप कायमचे उघडे असते. ‘एआर-व्ही ७’ नावाने ओळखली जाणारी ही आवृत्ती ज्यांच्या रक्तातील कर्कपेशींत आढळली, अशा रुग्णांपैकी एकाचाही पीएसए नव्या रोधक औषधांनी निम्म्यावर आला नाही, असे जॉन्स हॉपकिन्समधील एका छोट्या अभ्यासात २०१४ मध्ये दिसून आले. चौथी क्लृप्ती स्वतःच किल्ल्या घडवण्याची. वृषणांखेरीज मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीही सौम्य पुरुष संप्रेरके बनवतात. कर्कपेशी हा कच्चा माल उचलून आपल्याच भट्टीत त्याचे टेस्टोस्टेरॉन तयार करतात. रक्तात दुष्काळ असतानाही गाठीच्या आत सुकाळ असू शकतो, तो यामुळे.

पाचव्या क्लृप्तीत पेशी शेजारचे दार वापरते. स्टिरॉइडसाठी असलेला दुसराच रिसेप्टर अँड्रोजेन रिसेप्टरची बरीचशी कामे उचलतो, हे २०१३ मध्ये दिसून आले. सहावी आणि सर्वांत चिंताजनक क्लृप्ती म्हणजे वेशांतर. काही पेशी प्रोस्टेटची ओळखच टाकून देतात आणि चेतासंप्रेरक प्रकारच्या पेशींसारख्या वागू लागतात. पेशीला वेसण घालणारी ‘आरबी १’ आणि ‘टीपी ५३’ ही जनुके निकामी झाली असतील, तर हे स्थित्यंतर सुकर होते. अशा पेशींना ना कुलूप लागते ना किल्ली. त्या पीएसएही फारसा बनवत नाहीत. परिणामी अहवालातील आकडा दिलासा देणारा असतो आणि रोग मात्र यकृतासारख्या अवयवांत पसरत असतो.

नाव बदलले, उपचार बदलले

या साऱ्या आकलनामुळे ‘संप्रेरक-निरपेक्ष’ हे नाव मागे पडले. टेस्टोस्टेरॉन वृषणे काढल्यानंतरच्या पातळीइतके खाली असूनही वाढणारा रोग, एवढाच अर्थ सांगणारी संज्ञा रूढ झाली. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. कुलूप अजून वापरात आहे, याचाच अर्थ त्यावर पुन्हा घाव घालता येईल, हे त्यातून स्पष्ट झाले.

लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत विकसित झालेले ॲबिराटेरॉन हे औषध वृषण, अधिवृक्क ग्रंथी आणि स्वतः गाठ या तिन्ही ठिकाणची संप्रेरकनिर्मिती रोखते. केमोथेरपीनंतरही रोग वाढलेल्या रुग्णांत त्याने मध्यम आयुर्मान १०.९ महिन्यांवरून १४.८ महिन्यांवर नेले आणि २०११ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सॉयर्स आणि रसायनशास्त्रज्ञ मायकेल युंग यांच्या संशोधनातून आलेले एन्झालुटामाइड हे औषध, कुलपे वाढलेली असतानाही उत्तेजक न ठरता त्यांना बंद ठेवते. त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. अशाच रुग्णांतील चाचणीत त्याने आयुर्मान १३.६ महिन्यांवरून १८.४ महिन्यांवर नेले होते. तरीही या औषधांनाही रोग कालांतराने सरावतो. वरच्या क्लृप्त्यांपैकी काही तर याच औषधांच्या दबावाखाली अधिक ठळक होतात.

त्यातून उपचारांच्या धोरणात मोठा बदल झाला. पूर्वी एकेक शस्त्र क्रमाने काढले जाई, पहिले बोथट झाले की दुसरे. आता पसरलेल्या रोगात शक्य तेथे सुरुवातीलाच दोन शस्त्रे एकत्र चालवली जातात, कारण तेव्हा पेशींच्या जमावात विविधता कमी असते. संप्रेरक उपचारासोबत आरंभीच डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी दिल्यास मध्यम आयुर्मान ४४ महिन्यांवरून ५७.६ महिन्यांवर जाते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. २०१७ मध्ये ॲबिराटेरॉनबाबतही तसाच निष्कर्ष निघाला. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ४९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले.

दुष्काळ अधूनमधून उठवला, तर पेशी सरावणार नाहीत, अशीही एक कल्पना होती. इंजेक्शन काही महिने थांबवायचे, पीएसए चढला की पुन्हा सुरू करायचे. १,५३५ रुग्णांच्या चाचणीचे २०१३ मधील निष्कर्ष मात्र सावध करणारे ठरले. सलग उपचारात मध्यम आयुर्मान ५.८ वर्षे होते, तर खंडित उपचारात ५.१ वर्षे. खंडित पद्धत सलग उपचाराइतकीच चांगली आहे, हे सिद्ध होऊ शकले नाही. याच्या नेमका उलट प्रयोग जॉन्स हॉपकिन्समध्ये चालू आहे. दुष्काळाला सरावलेल्या, कुलपांची गर्दी झालेल्या पेशींवर अचानक टेस्टोस्टेरॉनचा पूर सोडला, तर काही पेशी त्यातच कोलमडतात. ही कल्पना आकर्षक असली, तरी ती अद्याप संशोधनाच्या चौकटीत आहे. वैद्यकीय देखरेखीवाचून कोणी टेस्टोस्टेरॉन घेणे म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखे आहे.

संप्रेरकाच्या वाटेपलीकडचे उपायही आता उपलब्ध झाले आहेत. ‘बीआरसीए’ जनुकांत दोष असलेल्या रुग्णांसाठी ओलापॅरिबसारखी औषधे २०२० पासून वापरात आली. पेशींच्या पृष्ठभागावरील पीएसएमए या प्रथिनाला चिकटून किरणोत्सारी ल्युटेशियम थेट गाठीपर्यंत नेणाऱ्या उपचाराला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. जनुकीय तपासणीचा आणखी एक पैलू कुटुंबांनी ध्यानात घ्यायला हवा. वडिलांत असा उपजत दोष आढळला, तर मुलींना स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका अधिक असू शकतो. तेव्हा ही तपासणी केवळ रुग्णापुरती राहत नाही.

दुष्काळाची किंमत

कर्कपेशींची उपासमार करताना संपूर्ण शरीराचीच उपासमार होते, हे विसरून चालणार नाही. अंगातून अचानक गरम वाफा उठणे, थकवा, कामेच्छा मावळणे, स्नायू क्षीण होऊन चरबी वाढणे, रक्तक्षय, मधुमेहाकडे कल आणि हाडांची झीज हे सारे टेस्टोस्टेरॉनच्या अभावाचे परिणाम आहेत. आपल्याकडील पुरुष याविषयी घरात बोलत नाहीत. चिडचिड किंवा अबोला हा स्वभावदोष मानला जातो. नियमित चालणे, वजनाचे हलके व्यायाम, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, हाडांच्या घनतेची तपासणी आणि गरजेप्रमाणे हाडांची औषधे यांनी बरेच त्रास आटोक्यात राहू शकतात. ॲबिराटेरॉन घेणाऱ्यांना सोबत स्टिरॉइडची गोळी दिली जाते. ती रक्तदाब वाढणे आणि पोटॅशियम घटणे रोखण्यासाठी असल्याने आपल्या मनाने बंद करू नये.

खर्चाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. आयुष्यभर इंजेक्शने घेणे परवडत नसेल, तर वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया हाच परिणाम एकदाच्या खर्चात साधते आणि भारतात आजही अनेक रुग्ण हा मार्ग स्वीकारतात. शिकागोतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत, ॲबिराटेरॉनची चतुर्थांश मात्रा अन्नासोबत घेतल्यास पीएसएवर होणारा परिणाम पूर्ण मात्रेहून कमी नसल्याचे दिसले. अन्नासोबत हे औषध कित्येक पटींनी अधिक शोषले जाते. मात्र याच कारणाने पूर्ण मात्रा जेवणाबरोबर घेणे धोक्याचे ठरते. मात्रेचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

रुग्णाच्या घरच्यांनी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पीएसए शून्याजवळ आला म्हणजे पसरलेला रोग मुळापासून गेला असे नव्हे, त्यामुळे उपचार मनाने थांबवू नयेत. पीएसए पुन्हा वाढला, तरी मूळचे इंजेक्शन सहसा चालूच ठेवले जाते, कारण कुलपे वाढलेल्या पेशींना किल्ल्यांचा पुरवठा पुन्हा खुला करून देणे परवडणारे नसते. अशा वेळी रक्तातील टेस्टोस्टेरॉन खरोखर खाली आहे ना, हे आधी तपासले जाते. आणि तिसरी गोष्ट, आकडा कमी असूनही वजन घटणे, नव्या वेदना, पायांतील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे अशी लक्षणे दिसली, तर आकड्यावर विसंबून राहू नये. पायांतील शक्ती जाणे ही तर तातडीने रुग्णालय गाठण्याची खूण आहे.

हगिन्स यांनी सुरू केलेला हा लढा एका घावात संपणारा नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. रोग प्रत्येक डावावर प्रतिडाव शोधतो. पण त्याचा प्रत्येक प्रतिडाव उलगडला की वैद्यकाला पुढच्या डावाची जागा सापडते. दीड-दोन वर्षांनी आकडा वर सरकल्याचे पाहून खचून जाणाऱ्या कुटुंबाला म्हणूनच एवढे सांगता येईल, की हा उपचारांचा शेवट नाही. आपल्या हातून काही चुकले, असाही त्याचा अर्थ नाही.